नागपूरकराला २६ अंशांत काय होणार?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही मूळचे नागपूरचे, सहा वर्षं शिकागोत. पहिलीच अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यत), ५० किमी, मिशिगन सरोवराच्या काठाने, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ८ वाजता. सराव झाला तो १०-१२ अंशांत, लक्ष्य ६ तासांचं. आता पाच दिवस उरले असताना अंदाज आलाय: कमाल २६, ऊन लख्ख, वारा नैऋत्येचा. बरोबरचे इथले मित्र धास्तावलेत आणि तुम्हाला हसू येतंय, कारण मे महिन्यात ४५ अंशांत क्रिकेट खेळलेल्या माणसाला २६ म्हणजे एसीवर लावायचा आकडा. म्हणून तुम्ही विचारताय: वेग खरंच कमी करायचा का? मिठाच्या गोळ्या किती? आणि पाण्याच्या काठाने धावायचंय, तिथे गारच असणार ना?

वेग कमी करा. ६ तास विसरा, पावणेसात धरा. गोळ्यांचं नंतर सांगते. काठावर गार नसणार.

मी सोलापूरची. हाच माज मलाही होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उन्हाची सवय हाडात मुरलेली नसते. सलग दहा ते चौदा दिवस उन्हात अंग मोडलं की रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. सवय म्हणतात ती एवढीच. ऊन बंद झालं की आठवड्याभरात ती उतरायला लागते आणि महिन्याभरात बहुतेक संपते. नागपूरचं सोडाच, तुमच्या अंगात या वर्षीचा शिकागोचा ऑगस्टसुद्धा आता शिल्लक नाही. शनिवारी धावणार आहे ते ऑक्टोबरच्या थंडीत घडलेलं शरीर.

दुसरं म्हणजे, नागपूरकर उन्हाला तोंड देतो असं आपण म्हणतो खरं, पण तो देतो कसा? दुपारी दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, बाहेर पडलाच तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. क्रिकेटमध्येही तुम्ही अर्धा वेळ झाडाखालीच बसलेले असणार. भर दुपारी सलग पावणेसात तास पळण्याचा अनुभव नागपुरातही कुणाला नसतो.

आता थोडं गणित. तुमचं वजन लिहिलेलं नाही, ७० किलो धरते. धावताना ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी (आपण खाण्याच्या पाकिटावर वाचतो ती) खर्च होते. ६ तासांत ५० म्हणजे तासाला ८.३ किमी, म्हणजे तासाला साधारण ५८० कॅलरी. त्यातला जेमतेम पाव भाग पाय पुढे न्यायला लागतो, बाकीची नुसती उष्णता. तासाला साडेचारशे कॅलरींच्या आसपास उष्णता अंगाबाहेर काढायची असते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या वर घाम नुसता सुटून नाही, तर वाळून जायला हवा. ठिबकलेला घाम फुकट गेला, त्याने काही गार होत नाही.

१० अंशांत हे गणित कधी डोक्यात येत नाही, कारण थंड हवाच निम्मं काम करून टाकते. २६ अंशांत आणि उन्हात जवळजवळ सगळा भार घामावर येतो. आणि घाम वाळायला वारा लागतो. शनिवारची खरी गोम या वाऱ्यात आहे.

तुमचा मार्ग बघा. फोस्टर बीचवरून सुटायचं, दक्षिणेकडे जायचं, ५७व्या रस्त्याच्या आसपास वळायचं आणि त्याच वाटेने परत. वारा नैऋत्येचा. म्हणजे जाताना तो समोरून, थोडा उजवीकडून. त्रास होईल, चिडचिड होईल, घड्याळातला पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) पाहून वाईट वाटेल. पण तोच वारा तुम्हाला गार ठेवतोय. सव्वाअकरा-साडेअकराला वळलात की एकदम शांत. वारा मागून, ढकलतोय, पाय हलके, पेस आपोआप सुधारतो. ‘चला, आता वसूल करू’ असं मनात येतं. इथेच घात होतो. तुम्ही ताशी ८ किमीने चाललाय. अंदाजातला वारा १५-२० चा असला तरी माणसाच्या उंचीवर, पश्चिमेच्या इमारती आणि झाडांच्या आडोशाने, तो निम्म्यावर येतो. म्हणजे वाराही ताशी ८-१० किमीने तुमच्याच दिशेने चाललाय. तुमच्या अंगाला लागणारा वारा शून्य. बंद खोलीत ट्रेडमिलवर पळाल्यासारखं. घाम सुटतो, अंगावरच राहतो, ठिबकतो.

त्यात वेळ कुठली? साडेअकरा ते पावणेतीन. आपल्याकडच्या शर्यती पहाटे सुटतात आणि ऊन चढायच्या आत संपतात. त्यामुळे ‘सुरुवातीला सोपं, नंतर कठीण’ असा हिशेब आपल्याला नसतोच. इथे सकाळी ८ ला हवा छान असते, तुम्ही फसता, आणि पारा शेवटच्या किलोमीटरपर्यंत चढतच राहतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे सर्वात जास्त ऊन, सर्वात कमी वारा आणि सर्वात थकलेले तुम्ही.

काठावरच्या गारव्याबद्दल. इथले हवामानवाले ‘तळ्याकाठी जरा थंड’ अशी पुरवणी जोडतात, ती प्रामुख्याने वसंत आणि उन्हाळ्यातल्या शांत वाऱ्याच्या दिवसांची. जमीन तापते, पाणी गार असतं, आणि दुपारी पाण्यावरून जमिनीकडे वारा सुटतो. ऑक्टोबरातले असे अवचित गरम दिवस मात्र येतात तेच मुळी दक्षिणेकडून येणाऱ्या जोरकस वाऱ्यावर. तो वारा तळ्यावरचा गारवा तळ्यावरच दाबून ठेवतो. डाव्या हाताला ५८ हजार चौरस किलोमीटर गार पाणी आणि तुम्ही भाजताय, असा प्रकार. याच काठाच्या शहरात ७ ऑक्टोबर २००७ ला मॅरेथॉनच्या दिवशी पारा ३१ वर गेला होता आणि साधारण साडेतीन तासांनी शर्यत थांबवावी लागली होती. त्या मॅरेथॉनमध्ये आता हिरव्या, पिवळ्या, लाल, काळ्या इशाऱ्यांची पद्धत आहे. छोट्या अल्ट्रात असं फारसं काही नसतं. इशारा तुमचा तुम्हीच द्यायचा.

अंदाज बघताना आर्द्रतेचे टक्के बघू नका, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते) बघा. टक्के सकाळी ८५ आणि दुपारी ५० दिसतील आणि वाटेल की हवा कोरडी झाली. हवेत पाणी तेवढंच असतं, फक्त पारा चढलेला असतो. दवबिंदू १० च्या खाली असेल तर मी वर लिहिलेल्यातलं थोडं सैल करा. १६-१७ असेल तर पावणेसातचेही सात करा.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वीचा असाच ऑक्टोबर, असाच वारा, अंतर ८० किमी. मी दोन डब्यांत चिक्की आणि खारवलेले बटाटे घेऊन अगदी तय्यारीत. पहिले २५ ठरल्याप्रमाणे, मग वळण, मग मागून वारा, आणि मी पेस वाढवला. ३८ व्या किलोमीटरला नवरा उभा होता. त्याने विचारलं, ‘शेवटचं कधी खाल्लंस?’ मी त्याच्यावर खेकसले. तो काही बोलला नाही. सरावातली आमची एक खूण आहे, ती त्याने काढली: ‘सतराचा पाढा म्हण.’ सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक... आणि पुढे काहीच नाही. शाळेत सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवणारी मी. त्या क्षणी मला भीती वाटली नाही, राग आला, की हा काय भलतंच विचारतोय. आणि हातावर काटा आला होता. २५ अंशांत, भर उन्हात, मला थंडी वाजत होती.

त्याने मला खुर्चीत बसवलं, मानेवर बर्फ ठेवला आणि माझा बिब नंबर (छातीवरचा शर्यतीचा क्रमांक) काढून खिशात टाकला, म्हणजे माझी शर्यत संपली. तीन महिने मी ते त्याला ऐकवत होते.

यातलं लक्षात ठेवायचं ते हे, की घाम थांबला म्हणजेच उष्माघात, हे आपल्या डोक्यात बसलंय ते धावणाऱ्याच्या बाबतीत चुकीचं आहे. धावताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. आधी बिघडतं ते डोकं: चिडचिड, असंबद्ध बोलणं, साधा हिशेब न जमणं, तोल जाणं. आणि हे स्वतःला कळत नाही, म्हणून दुसरं माणूस हवं. तुमच्याबरोबर येणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की काय विचारायचं आणि उत्तर चुकलं तर तुमचं काहीही ऐकायचं नाही. बोलण्यात गोंधळ आणि अंग भट्टीसारखं असेल तर मदतीला फोन करायचाच, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. आहे तिथे गार करायला घ्यायचं: टब असेल तर गार पाण्यात गळ्यापर्यंत, नसेल तर मिळेल तेवढं पाणी आणि बर्फ अंगभर. आधी गार करणं, मग हलवणं. इथे मिनिटं मोजली जातात.

आता शनिवारी प्रत्यक्ष काय करायचं.

पेस ७:४५ ने सुरू करा आणि पहिल्या किलोमीटरपासून ९ मिनिटं धावणं, १ मिनिट चालणं ठेवा. पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून, दमल्यावर नाही. लोक हसतील, हसू द्या. पेस मिनिटभर उतरवला की उष्णता बारा टक्क्यांच्या आसपास उतरते. भरभर चालायला लागलात तर जवळजवळ अर्ध्यावर येते. वळणानंतर घड्याळातला पेस झाकून ठेवा, श्वासावर चला. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चाला. ‘सकाळच्या गारव्यात वेळ कमावून ठेवू’ हा विचार मला दर वर्षी कुणीतरी ऐकवतं, आणि ते साधारण ३५ व्या किलोमीटरला कडेच्या बाकावर बसलेले भेटतात.

बर्फ आणि पंचा. या एका गोष्टीबाबत मी हट्टी आहे. डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत शोधा, नाहीतर घरी आईने दिलेला असेलच. पातळ सुती पंचा लांबीत दुमडायचा, मधल्या घडीत दोन मुठी बर्फ, घडी पिळून दोन्ही बाजूंना गाठी, आणि मानेमागून पुढे घेऊन सैल बांधायचा. बर्फ वितळतो, पाणी पाठीवर ओघळतं, ते वाळतं. म्हणजे घामाचं काम तुमच्याऐवजी बर्फ करतो. जाड टर्किश टॉवेल नको. तो पाणी धरून ठेवतो आणि खांद्यावर ओझं होतो. दोन मुठी बर्फ पंधरा-वीस मिनिटं पुरतो. वळणानंतर ऊन मानेवर आणि पोटऱ्यांच्या मागे लागतं, म्हणून पंच्याचं एक टोक मागे मोकळं सोडा. या दिवसांत सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ३६ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे डोक्यावरची टोपी पुरत नाही, ऊन तिच्या खालून येतं. जाताना ते थेट डोळ्यात, म्हणून गॉगल. झाडांची पानं अर्धी गळलेली असणार. सावलीचा हिशेब धरूच नका, विशेषतः ३१व्या रस्त्याच्या पुढे.

बर्फ संपतो, हे गृहीत धरा. मी एका शर्यतीत तिसऱ्या एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर) पोचले तेव्हा शीतपेटीत फक्त कोमट पाणी आणि तरंगणारं लेबल होतं. त्यांनी ऑक्टोबरचा बर्फ आणला होता, हवामानाने जून पाठवला. घरच्या माणसाला वळणापाशी स्वतःची बर्फाची पिशवी घेऊन उभं करा. काठावरचे पिण्याच्या पाण्याचे नळ थंडीआधी बंद करतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या अंगावर. टोपी तळ्यात भिजवावीशी वाटली तर वाळूच्या बीचवर जा. काँक्रीटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि खाली पाणी लगेच खोल होतं.

मिठाच्या गोळ्या. माझं मत: घेऊ नका. म्हणजे मीठ नको असं नाही. पाण्यातून, अन्नातून घ्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट दोन लिटर पाण्यात घातलं की लिटरला साडेआठशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम होतं. इथल्या नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या जवळजवळ दुप्पट, आणि चवीला सुसह्य. त्यात लिंबू पिळा. मी कोकमाचं आगळ घालते, ते पोटाला बसतं. गोळ्यांचा धोका असा की गोळी घेतली की माणूस ‘आता कितीही पाणी प्यायलं तरी चालेल’ असं समजतो. चालत नाही. रक्तातलं सोडियम उतरतं ते मुख्यतः जास्त पाणी प्यायल्याने. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं होतं, आणि शर्यतीत वजन वाढणं हे त्यातलं ठळक कारण होतं. मॅरेथॉन धावून माणसाचं वजन वाढावं म्हणजे किती प्यायलं असेल बघा. तहान लागेल तसं प्या. तासाला ४०० ते ७०० मिलिलिटरमध्ये बहुतेकांचं भागतं. अंगठी घट्ट व्हायला लागली, बोटं सुजली, डोकं ठणकायला लागलं आणि पोटात पाणी डुचमळतंय, तर पिणं थांबवा. मला वाटतं अंगठी घरीच ठेवण्याऐवजी मुद्दाम घालून जावी, खूण म्हणून बरी.

शुक्रवारपर्यंत एकदा तासभर सावकाश पळून या, दुपारी. आधी आणि नंतर कपडे काढून वजन करा. मध्ये काही प्यायला नसाल तर फरक तोच तुमचा तासाचा घाम. तो आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा खरा. घाम दीड लिटर निघाला तर दीड लिटर प्यायचा असं मात्र नाही. शर्यत संपताना किलो-दीड किलो वजन कमी असणं ठीक असतं. आणि आता ऊन अंगवळणी पाडण्यासाठी सॉनात बसू वगैरे करू नका. दोन आठवडे असते तर मीच सांगितलं असतं. पाच दिवसांत फक्त थकवा येईल.

खाणं थोडं कमी करा. रक्त कातडीकडे गेलेलं असतं, पोटाला कमी मिळतं, थंडीत चालणारी जेल (धावताना खायच्या गोड पाकाच्या पुड्या) उन्हात उलटून येतात. उकडलेला बटाटा मिठात बुडवून, राजगिऱ्याचा लाडू, केळं. थोडं थोडं, दर अर्ध्या तासाने. ताक नको, मोह झाला तरी. आणि वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेनच्या जातीतल्या, शर्यतीआधी आणि शर्यतीत अजिबात नकोत; पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर त्या उलटतात.

कपड्यांचं एका ओळीत: लांब बाह्यांची सवय लागलीय तुम्हाला, ती घरी ठेवा, आणि जिथे घासतं तिथे व्हॅसलीन दुप्पट.

शेवटचं, जे या शहरात पहिल्यांदा पळणाऱ्यांना कुणी सांगत नाही. असा गरम दिवस बहुतेकदा थंड वाऱ्याच्या आघाडीच्या पुढे पळत येतो. अंदाजात शनिवारी संध्याकाळचा वारा उत्तरेचा दाखवताहेत का ते बघा. तो फिरला की थेट पाण्यावरून येतो आणि पारा झपाट्याने कोसळतो. तुम्ही तेव्हा भिजलेले, रिकामे, बाकावर बसलेले असणार. कोरडा शर्ट, कानटोपी आणि स्वेटर ड्रॉप बॅगेत (आयोजकांकडे ठेवायच्या तुमच्या पिशवीत) ठेवा, आणि वर ठेवा, तळाशी नाही. ५० किमी पळून आखडलेल्या बोटांनी बॅग उपसायला घेतली की चेनसुद्धा सापडत नाही.